जोडणी शून्य धरली

छत्रपती संभाजीनगर
२ जून २०२५

प्रिय संध्यास,
सप्रेम जयभीम.

तुला फोन केला तर म्हणतेस, "मामा, हे फोनवर नाही सांगता येत, लिहून पाठवते." मग व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवतेस ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. म्हणून हे पत्र. आपल्या कॉलनीत पोस्टाची पेटी अजून आहे, हे मला आजच कळलं. ती उघडायला कोणी येतं की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर कळेल.

तर बाई, तू पेपरात आलीस. पान पाच, खालच्या कोपऱ्यात. "शहराच्या कन्येने लावला गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या लहरीचा शोध" असा मथळा आणि शेजारी तुझा बारावीतला दोन वेण्यांचा फोटो. फोटो कोणी दिला असं विचारू नकोस. तुझ्या आईनं दिला. केसर सध्या ते कात्रण पर्समध्ये घेऊन फिरते आणि भाजीवाल्यालाही सोडत नाही. मी बातमी वाचली, मग चष्मा पुसून वाचली, मग मोठ्यानं वाचली, आणि तेव्हा लक्षात आलं की मला त्यातलं काहीच कळलेलं नाही. "गुरुत्वाकर्षण हा एक गेज सिद्धांत आहे" असं एक वाक्य आहे. ते बातमीदारालाही कळलेलं नसावं, कारण त्यानं पुढचं वाक्य घाईघाईनं तुझ्या शाळेबद्दल लिहिलंय.

माझं आयुष्य एसटीत गेलं, त्यातलं निम्मं सिडको स्टँडच्या केबिनमध्ये माइकवर गाड्या पुकारण्यात. न कळणारी गोष्ट ठणकावून सांगायचा मला सराव आहे. पण अडचण मोतीराम सरांची आहे. तुझे ज्युनिअर कॉलेजचे फिजिक्सचे सर. आता रिटायर झालेत, विहार समितीचे अध्यक्ष झालेत, आणि स्वतःच्या मते या शहरातले शेवटचे शास्त्रज्ञ आहेत. समितीनं ठरवलंय की वर्षावासात तुझा जाहीर सत्कार करायचा. प्रास्ताविक माझ्याकडे आलंय. त्यावर सर मला काय म्हणाले? "सांडूभाऊ, तुम्ही आपलं पोरीचं लहानपण वगैरे सांगा. विज्ञान मी सांगतो." म्हणजे भाची माझी आणि विज्ञान यांचं!

तेव्हा मला पाठ करता येईल असा तुझा शोध एका पानात लिहून पाठव. सरांना मधे बोलायला फट राहणार नाही असा.

तुझा मामा,
सांडू


चेन्नई
१४ जून २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

पोस्टाची पेटी उघडतात. गुरुत्वाच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं जातात आणि टपाल त्याहून जरा सावकाश, एवढंच.

तुम्हाला सोपं करून सांगते. ते सोपं होतं हे मात्र मोतीराम सरांना सांगू नका, त्यांचं मन मोडेल.

आपलं शहरच घ्या. कोणी त्याला औरंगाबाद म्हणतं, कोणी संभाजीनगर म्हणतं, खेड्यातनं येणारे नुसतं "शहरात चाललो" म्हणतात. ज्यानं त्यानं आपल्या तोंडाला येईल ते नाव घ्यावं. नळाला पाणी यायचं त्याच दिवशी येतं. नाव ही आपली सोय झाली आणि पाणी ही खरी गोष्ट. अशा सोयीच्या निवडीला आमच्या धंद्यात गेज म्हणतात. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला मोजायची पट्टी आणि दिशा आपापली निवडायची पूर्ण मुभा द्यायची, आणि तरी निसर्गाचे नियम सगळ्यांना सारखेच दिसले पाहिजेत, अशी अट घालायची. एवढ्या एका अटीवर आमचा संसार चालतो.

पण मग पंचाईत होते. सोयगावची पट्टी वेगळी, वैजापूरची वेगळी, तर दोन्हीकडची मोजमापं ताडून कशी बघायची? त्यासाठी, एका जागेवरून शेजारच्या जागेवर जाताना काय बदलायचं, याचा नियम लागतो. त्याला मी जोडणी म्हणते. आता एक बाण हातात घेऊन निघा. प्रत्येक ठिकाणी जोडणीचा नियम इमानदारीनं पाळा आणि गोल फिरून घरी या. निघताना बाणाचं तोंड जिकडे होतं तिकडेच राहिलं, कुठल्याही वाटेनं फिरलात तरी तसंच, तर तिथं गुरुत्वाकर्षण नाही. तोंड थोडं वळलं असेल तर वाटेत कुणी लबाडी केली असं समजायचं नाही. ते वळणं म्हणजेच गुरुत्वाकर्षण. गुरुत्वाकर्षण हा गेज सिद्धांत आहे, म्हणजे एवढंच. सफरचंद बिचारं उगाच बदनाम झालं.

गुरुत्वाची लहर वस्तूंना दोन तऱ्हांनी हलवते, हे जगाला मान्य आहे. माझ्या पीएचडीच्या सरांनी आणि मी जोडणीची एक वेगळी मांडणी घेऊन गणित केलं तर तिसरी तऱ्हा निघाली, तीच बातमीतली तिसरी लहर. "सरांनी आणि मी" हे शब्द भाषणात गाळू नका, छापलेल्या शोधनिबंधावर दोन नावं आहेत. माझे गाइड सर सध्या जर्मनीत तिसरी लहर दाखवत फिरतायत. पहिलं नाव माझं आहे हे सांगायला मात्र त्यांना तिथं वेळ पुरत नाही असं ऐकते.

आणि मामा, सत्कार नको. हे अजून दुसऱ्या कुणी तपासलेलं नाही.

तुमची,
संध्या


छत्रपती संभाजीनगर
२९ जून २०२५

प्रिय संध्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पान पाठ झालं. कट्ट्यावर म्हणून दाखवलं. पाण्याचा दाखला सगळ्यांना पटला. फक्त पुढचा तासभर लोक पाण्यावरच बोलत राहिले आणि गुरुत्वाकर्षणाकडे कोणी वळेचना. मोतीराम सर म्हणाले, "हे सगळं माझ्या बारावीच्या गाइडमध्ये आहे, प्रकरण दोन." मी जाऊन प्रकरण दोन बघितलं. त्यात सफरचंद आहे.

"दुसऱ्या कुणी तपासलेलं नाही" म्हणजे काय? छापून आलंय ना? आपल्याकडे छापून आल्यावर तपासायची पद्धत नाही.

कार्यक्रम २१ सप्टेंबर, रविवार. त्या दिवशी ग्रंथवाचन लवकर आटोपून लगेच सत्कार. बॅनर छापून चौकात लागलाही. "तिसऱ्या लहरीचा शोध लावल्याबद्दल आयुष्मती संध्या यांचा भव्य नागरी सत्कार." मधे तुझा फोटो, त्याच्या दीडपट मोतीराम सरांचा, आणि खाली शुभेच्छुकांची डोकी, ज्यांतल्या निम्म्यांना तू आठवत नाहीस. माझा फोटो डाव्या कोपऱ्यात आहे, बांबूला बांधायच्या भोकाशेजारी. ऑफिसात जाणारी पोरं थांबून वाचतात. तिसरी लहर वाचून एक म्हातारी मास्क लावून आली, तेवढं सोडलं तर सगळं छान चाललंय.

तिकीट आधी काढून ठेव.

तुझा मामा,
सांडू


चेन्नई
१३ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

थोडक्यात लिहिते, घाईत आहे. कार्यक्रम पुढे ढकलता आला तर ढकला. कारण विशेष काही नाही. माझ्या इथं प्रणय म्हणून एक जण आहे, मला एक वर्ष ज्युनिअर. तो हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं बघतोय. प्रणयचं उत्तर येईपर्यंत काही पक्कं ठरवू नका, एवढंच. तब्येत बरी आहे, जेवते वेळेवर. आईला काळजी करू नको म्हणावं.

तुमची,
संध्या


छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय संध्यास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र जरा खाजगी समज.

तुझी चिठ्ठी मी फक्त केसरला वाचून दाखवली. शब्द न् शब्द, माझं काही न घालता. केसरनं सोयगावला भामाबाईला फोन केला. तुझी मावशी झाली तरी तिला किती सांगायचं ते केसरला कधी कळलं नाही. केसर एवढंच म्हणाली, "पोरगी एका पोराच्या उत्तराला थांबलीय." भामाबाईनं वैजापूरला आपल्या जावयाला, कडूबाला सांगितलं, "पोराकडून होकार यायचा राहिलाय." आणि काल सकाळी मार्केट यार्डातनं कडूबाचा मला फोन. मागे कांद्याचा लिलाव चाललेला, तरी हा पठ्ठ्या ओरडून विचारतोय, "मामा, पोराकडच्यांनी टायम मागितला म्हनं! आपन कुठं कमी पडलो का? लगीन वैजापूरलाच लावू, हॉलवाला माह्या वळखीचा हाय! पोरगं तिकडचंच हाय का? भात खातंय का भाकर?"

मी सगळ्यांना विचारून बघितलं. एकानंही काही पदरचं घातलेलं नाही. ज्याला जे कळलं ते त्यानं पुढे सांगितलं. पण माझ्या दारातनं गेलं ते गणित, आणि परत आलं ते लग्न.

माझं म्हणणं एवढंच की, असेल तर लपवू नकोस. आपल्यात कोणाची आडकाठी नाही. प्रणय नाव तर आपल्या चार घरांत सापडेल. तो २१ सप्टेंबरला तुझ्याबरोबर आला तर मोतीराम सरांचं भाषण आपोआप आखडतं होईल, हाही एक फायदा.

तुझा मामा,
सांडू


चेन्नई
१६ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

कडूबादाजींना सांगा, हॉल सोडून द्या. प्रणय लग्नाचा नाही. त्याच्याकडून यायचं होतं ते गणिताचं उत्तर. मी मुद्दाम मोघम लिहिलं, कारण मला भीती होती, आणि ती खरी ठरली.

उत्तर आलं. शून्य आलं. तिसरी लहर नाही.

तुम्ही स्टँडवर रोज बघितलंय. माणूस गाडीत बसलेला असतो, शेजारची गाडी मागे सरकते आणि त्याला वाटतं आपलीच सुटली. काही जण तर खिडकीतनं हात हलवून निरोपही देतात. आम्ही तसाच निरोप दिला, फक्त आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून दिला. गुरुत्वाकर्षण जागच्या जागी होतं, आम्ही निवडलेली पट्टी डुलत होती.

चूक कुठं झाली तेही सांगते, नाहीतर कट्ट्यावर भलतंच पसरेल. आम्ही प्रत्येक ठिकाणी पट्टी अशी सोयीची निवडली की जोडणी शून्य धरता आली. गणित निम्म्यावर आलं. इथपर्यंत चालतं, सगळे करतात. पण पट्टी बदलली की जोडणीही बदलावी लागते. आम्ही पुढे पट्टी बदलली आणि जोडणी शून्यच ठेवली. म्हणजे आईचं बोलणं, भामा मावशीचं बोलणं आणि कडूबादाजींचं बोलणं जसंच्या तसं एक धरायचं, आणि वैजापूरला हॉल ठरायला आला की लग्नही खरं मानायचं. तुम्ही पंधरा दिवस जे केलंत ते आम्ही दीड वर्ष केलं, आणि वर छापलं.

प्रणयनं जोडणी नीट सांभाळून गणित केलं आणि लहर गेली. आधी मी त्याची चूक शोधली. लई मन लावून शोधली मामा, माझ्या स्वतःच्या कामात एवढं लक्ष कधी घातलं नव्हतं. नाही सापडली. मग माझी शोधायला बसले तर दुपारच्या चहाच्या आत सापडली.

सत्कार रद्द करा. सर महिनाअखेरीला परत येतील, मग आम्ही दुरुस्तीचं टिपण छापायला पाठवू.

तुमची,
संध्या


छत्रपती संभाजीनगर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय संध्यास,
सप्रेम जयभीम.

रद्द करा म्हणे! बॅनर चौकात लागलाय बाई. त्यावर माझं डोकं आहे.

पहिली गोष्ट, गप्प बस. तुमचे ते पेपर वाचतं कोण? मोतीराम सरांच्या गाइडमधली उत्तरं वीस वर्षं चुकीची आहेत, आणि ती पाठ करून पोरं इंजिनिअर झाली, पुलांची कामं काढतायत. कोणी दुरुस्ती छापली का?

दुसरी गोष्ट, मला खरं सांग. ही लहर तुझ्या सरांच्या एकट्याच्या नावावर असती तर ती नाही असं म्हणायची कुणाची छाती झाली असती का? मी स्टँडवर हेच बघत आलो. माझ्याकडून एखादी गाडी चुकीच्या फलाटावर पुकारली गेली की लोक माइकला ऐकू जाईल असं म्हणायचे, "असलेच भरतात आता." दुसऱ्या पाळीचा कंट्रोलर, घरंदाज माणूस, त्यानं नाशिकची गाडी जालन्याच्या फलाटावर उभी केली तरी तीच माणसं म्हणायची, "आज साहेबांची तब्येत बरी दिसत नाही." तेव्हा मला शिकवू नकोस. लहर तुझी निघाली म्हणून ती नाहीशी झालीय.

मी अर्ज तयार केलाय, अनुसूचित जाती आयोगाला पाठवायला. "सदर तिसरी लहर अस्तित्वात असून ती संबंधितांकडून जाणूनबुजून नाकारली जात आहे. तरी मे. साहेबांनी चौकशी करून लहर पूर्ववत करावी." खाली अख्ख्या कॉलनीच्या सह्या घेतल्यात. मोतीराम सरांनीसुद्धा सही केली, इंग्रजीत. तू हो म्हण, उद्या रजिस्टरनं टाकतो.

तुझा मामा,
सांडू


चेन्नई
३ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

अर्ज फाडा. सह्या करून लहर येत नाही. येत असती तर आमच्या संस्थेनं कधीच मोहीम काढली असती. प्रणयनं माझं नाव बघून गणित केलेलं नाही. त्यानं केलं, मी तपासलं, दोघांचं एकच आलं. लहर नाही, आणि ती नाही हे मी अगदी शांतपणे मान्य केलंय.

पण तुम्ही जे विचारलं ते खोटं नाही. फक्त ती गाडी तुम्ही चुकीच्या फलाटावर लावलीत.

सर परवा आले. मला वाटलं चिडतील. अजिबात नाही, चॉकलेट दिलं. मग दुरुस्तीचं टिपण पुढे ठेवलं, विमानातच लिहून काढलेलं. त्यात वाक्य आहे: "ही चूक पहिल्या लेखिकेच्या गणितात झाली. दुसऱ्या लेखकाचा सहभाग सिद्धांताच्या चौकटीपुरता होता." मामा, जोडणी शून्य धरायची कल्पना त्या चौकटीतलीच आहे. फळ्यावर सरांनी लिहिली, मी पटकन मान डोलावली, आणि "प्रत्येक ठिकाणी जोडणी बघत बसलो तर म्हातारे होऊ" यावर दोघं हसलो. म्हणजे चूक दोघांची. जर्मनीत भाषणं झाली तेव्हा स्लाइडवर "माझा निकाल" होतं. चूक निघाली आणि सरांना एकदम माझं पहिलं नाव आठवलं.

मी म्हटलं, यावर सही करणार नाही. तर सर अतिशय मायेनं म्हणाले, "संध्या, समजून घे. तुझ्याकडून चूक झाली तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. माझ्याकडून झाली तर संस्थेचं नाव जाईल." हे ते माझं सांत्वन करायला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जराही कपट नव्हतं, म्हणून तर मला त्या खोलीत बसवेना.

आमच्यात खरी गोष्ट ओळखायची एकच रीत आहे. पट्टी बदलून बघायची, जागा बदलून बघायची, आणि तरी जे उरतं ते खरं. मी सरांच्या जागेवरून बघितलं, प्रणयच्या, तुमच्या, अगदी मोतीराम सरांच्या खुर्चीवरूनही बघितलं. तिसरी लहर कुठूनच उरत नाही. शोधावर दोन नावं आणि चुकीवर एकच, हे मात्र जिथून बघावं तिथून उरतं.

मी वेगळं टिपण लिहिलं. "आम्ही दोघांनी जोडणी शून्य धरली, ते चूक होतं, आमचा निकाल टिकत नाही." सरांनी त्यावर नाव द्यायला नकार दिला. मग ते काल माझ्या एकटीच्या नावानं पाठवलं. संध्याकाळी सरांचा निरोप आला की दुसरा गाइड बघ. डिसेंबरपर्यंत कुणी घेतलं नाही तर माझी नोंदणी जाते, आणि पीएचडीची पाच वर्षं पाण्यात. इथं सरांच्या मर्जीबाहेरचं माणूस शोधायचं म्हणजे किती कठीण, ते पत्रात लिहीत नाही.

मामा, मला भीती वाटते. तुम्हाला लिहिताना विनोद सुचतात, पण खोलीचं दार लावलं की फार भीती वाटते. आईला सांगू नका, म्हणजे सोयगावला कळणार नाही. कार्यक्रम रद्द करा. मी येत नाही, मला तोंड दाखवायचं नाही.

तुमची,
संध्या


छत्रपती संभाजीनगर
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय संध्यास,
सप्रेम जयभीम.

अर्ज फाडला. कार्यक्रम रद्द केला नाही. तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि मग समितीला सांगितलं की सत्कार होणार, फक्त बॅनरवर पट्टी चिकटवावी लागेल. "तिसऱ्या लहरीचा शोध लावल्याबद्दल" होतं त्याजागी आता "तिसरी लहर नाही हे शोधून काढल्याबद्दल" आहे. पेंटरनं विचारलं, "काका, दोन्हीत फरक काय?" मी म्हटलं, एका पीएचडीचा.

तुझ्या आईला मी काही सांगितलं नव्हतं. मी फक्त कडूबाला बोललो, मन मोकळं करायला. केसरला सोयगावहून कळलं.

हॉल भरला होता. प्रास्ताविकात मी सगळं सांगितलं. पाणी, बाण, जोडणी, शेजारची गाडी, आणि तुझ्या गाइड सरांचं ते "कुणाला आश्चर्य वाटणार नाही" हे वाक्यही, जसंच्या तसं. टाळ्या मूळ ठरल्या होत्या तेवढ्याच पडल्या, कारण आधीचंही कुणाला कळलं नव्हतं. पण त्या वाक्यावर कुणी टाळी वाजवली नाही. ते सगळ्यांना कळलं होतं. ते कळायला आपल्याकडे कुणाला फिजिक्स लागत नाही.

मग मोतीराम सर उठले. कोटाचं बटण लावत म्हणाले, "अध्यक्ष या नात्यानं मला एक शंका आहे. शोध लागला नाही, पोरगी आली नाही, गाइडही हातचा गेला. मग आपण सत्कार नेमका कशाचा करतोय?" मी खिशातनं तुझं पत्र काढलं संध्या, आणि चष्मा शोधायला लागलो.

तेव्हा तुझी आई स्टेजवर आली. शाल घ्यायला तिलाच बोलावलं होतं. तिनं शाल घेतली, घडी करून हातावर टाकली, मोतीराम सरांसमोरचा माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाली,

"माही पोरगी चुकली. चुकले म्हून तिनं सोताच सांगितलं, कुनी विचारायच्या आत. त्याची शाल हाय ही, मला कळली, तुमाला नाय कळली तरी चालंल. पन मला त्या सरांच्या मायचं लई वाईट वाटू लागलं. तिला कुनीच शाल द्यायचं नाय. तिचं लेकरू येवढं मोठं झालं, अन् अजून एकदाबी चुकलं नाय."

हॉल हसला. मागच्या रांगेतल्या बाया तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, सगळ्यांसमोर. मोतीराम सरांनी मला स्वतःचा रुमाल दिला. तो मी अजून परत केलेला नाही.

शाल पार्सलनं पाठवतोय. तिकडे थंडी नसते हे मला माहीत आहे, तरी ठेव. गाइड मिळाला की कळव. नाही मिळाला तरी कळव, आणि आधी मला कळव.

तुझा मामा,
सांडू